वाचक विचारतात : मियाटाला शॉर्ट शिफ्टर बसवावा का?

प्रश्न : काका, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो, गाडी चालवायला मात्र पुण्यात शिकलो. माझ्याकडे १९९९ ची माझदा मियाटा आहे, १.८ लिटर, पाच गिअर. दांडी ढिली लागते आणि थंडीत दुसरा गिअर पटकन पडत नाही. शॉर्ट-थ्रो शिफ्टरने दांडीची हालचाल एक तृतीयांश कमी होते म्हणे. मिलव्हिलच्या ट्रॅकवर जायचंय. त्याआधी बसवू का?

उत्तर : हौस असेल तर बसवा. पण तुमच्या दोन्ही तक्रारींवर तो इलाज नाही.

मियाटाची दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यात उतरते, मध्ये केबल वगैरे काही नाही. तिचा गोळा वाटीत बसतो, खालच्या टोकाला नायलॉनचा बुश, म्हणजे छोटी कडी, असतो आणि त्या खोबणीत थोडं गिअर ऑइल असतं. इतक्या वर्षांत बुश झिजतो, दांडीभोवतीची रबरी आवरणं, म्हणजे बूट, फाटतात, ऑइल आटतं. मग दांडी पातेल्यातल्या डावासारखी फिरते. आधी हा किरकोळ माल बदला. त्यानंतर अनेकांना नवी दांडी नकोशीच होते. थंडीतला दुसरा गिअर ऑइल गरम झाल्यावर सुधारत असेल तर धक्के न देता चालवा. गरम झाल्यावरही खरखरला तर पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर बघा, या गाडीत तो गळतो. क्लचच पूर्ण सुटत नसेल तर सोन्याची दांडी लावूनही उपयोग नाही.

शिवाय हालचाल एक तृतीयांश घटली की हाताला जोर दीडपट लागतो. हे साधं तरफेचं गणित आहे, पण पाकिटावर कुणी छापत नाही. गिअरबॉक्सची घरघरही थोडी जास्त ऐकू येईल.

बसवताना गाडी न्यूट्रलमध्ये, सपाट जागी हवी. नॉब, कन्सोल, मोठा बूट, मग लहान बुटाखालचे तीन बोल्ट काढले की दांडी वर येते. उघड्या भोकाभोवती स्वच्छ फडकं ठेवा, आत वॉशर पडला तर गिअरबॉक्स उतरवण्याची वेळ येते. जुनं ऑइल सिरिंजने ओढून नवं भरा. कन्सोल लावण्याआधी इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. दांडी कुठे घासत असेल तर तिथेच कळेल.

आता ट्रॅक. इथे तुमचं पुण्यातलं शिक्षण आडवं येईल. आपल्याकडे दांडी डाव्या हाताला, म्हणजे तिसऱ्यातून चौथ्यासाठी मागे घेताना हात अंगाकडे ओढला गेला तरी दुसऱ्यापासून लांबच जातो. तिकडे दांडी उजव्या हाताला, पण गिअरचा नकाशा तोच. घाईत अंगाकडे ओढलीत की चौथ्याऐवजी दुसरा! ६,५०० आरपीएमला तिसऱ्यातून दुसरा पडला तर इंजिन ९,२०० च्या वर फिरेल. लाल रेघ, म्हणजे इंजिनाच्या वेगाची मर्यादा, ७,००० ला आहे आणि ती राखणारा रेव्ह लिमिटर इथे काही वाचवत नाही, कारण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. शॉर्ट शिफ्टरमध्ये गल्ल्या आणखी जवळ येतात. म्हणून तळवा प्रवाशाच्या सीटकडे ठेवा आणि दांडी सरळ मागे घ्या. आधी रिकाम्या रस्त्यावर हात बसवा. ट्रॅकवर पहिलं सत्र ५,००० च्या आतच चालवा आणि पिटमध्ये आल्यावर बुटाखाली ऑइल पाझरलंय का ते पाहा.

जुनी दांडी फेकू नका. गाडी विकताना गिऱ्हाईक तीच मागतं.