सव्वाशे भाकरी आणि एक लहान परात

प्रश्न : मावशी, मी सोलापुरात घरूनच कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. रोज सव्वाशे-दीडशे भाकरी होतात. मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळेतून आला की दप्तर टाकून थेट माझ्या परातीशी. "मला थापू दे" म्हणतो. त्याची भाकरी फाटते, पीठ सांडतं, काम अडतं, मग मी ओरडते. तो रुसून कोपऱ्यात चिंध्या शिवत बसतो. सासूबाई म्हणतात, पोराच्या जातीला हे कशाला? त्याची आवड मोडायची नाही, पण ऑर्डरही बुडवता येत नाही. काय करू?
– एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, ऑर्डरीच्या परातीत त्याचा हात नको, हे तुमचं बरोबरच आहे. त्यावर घर चालतं. पण त्याला तुमचीच परात हवी आहे असं नाही, त्याला परात हवी आहे. भांड्याच्या दुकानातून एक लहान परात आणा आणि ती त्याचीच आहे असं सांगा. तुमची शेवटची भाकरी तव्यावरून उतरली की दोन मुठी पीठ त्याच्या परातीत घाला. रोज जमणार नाही. आठवड्यातून तीन दिवस ठरवा, पण ठरवलेला दिवस चुकवू नका.

भाकरी फाटते ती त्याच्या हाताच्या दोषानं नव्हे. गव्हाची कणीक ताणली जाते, ज्वारीचं पीठ तसं ताणलं जात नाही. गरम पाण्यानं त्याला चिकटपणा येतो आणि तळहातानं रगडल्यावर ते एकजीव होतं. हे तुमच्या हाताला ठाऊक आहे, त्याला अजून नाही. तेव्हा सांगू नका, करून बघू द्या. एक गोळा गार पाण्यात, एक गरम पाण्यात. आधणाचं पाणी तुम्ही ओता, उलथन्यानं कालवून द्या, हाताला सोसेल इतकं निवलं की मळणं त्याचं. दोन्ही गोळे थापून कुठला कडेनं चिरतो ते तो स्वतःच सांगेल. मग एकदा जुनं पीठ द्या, एकदा गिरणीतून आजच आणलेलं. पिठाची चिकी, म्हणजे चिकटपणा, गेली म्हणजे काय, ते त्याला बोटांनी कळेल. त्याच्या फाटक्या भाकरीही कडक होऊ द्या. आमटीत चुरायच्याच तर आहेत!

ज्या दिवशी परात नाही त्या दिवशी शेंगाचटणी. भाजून निवलेले शेंगदाणे फडक्यात रगडून सालं काढायची, सुपात घेऊन गच्चीवर पाखडायची. आठ वर्षांच्या मुलाला यासारखं काम नाही. मग लसूण, जिरं, मीठ घालून उखळात कुटू द्या. दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटायचं, ही खूण एकदा डोळ्यांनी पाहिली की तो विसरणार नाही. तिखट मात्र तुम्ही घाला. तोच हात डोळ्याला जातो.

आता चिंध्यांचं. हे मला जास्त मोलाचं वाटलं, कारण तिथं त्याला कोणी काही शिकवलेलं नाही. सोलापुरात टॉवेलच्या कडांचे तुकडे सहज मिळतात. धावदोरा घालून त्याला तव्याजवळ वापरायचं जाड फडकं शिवू द्या आणि ते तुम्ही खरोखर रोज वापरा. जाड पुठ्ठ्याला दोन्ही कडांना खाचा पाडून उभे धागे ताणून दिलेत, तर आडवा धागा एकाखालून एकावरून घेत तो विणायलाही लागेल. चादरींच्या गावातलं पोर आहे, ताणाबाणा हे शब्द त्याच्या कानावर असतीलच.

एक सांगते. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिनं रुमालाला कड शिवली होती, वाकडीतिकडी. ती झोपल्यावर मी ती उसवून सरळ शिवून ठेवली. सकाळी तिनं पाहिलं, काही बोलली नाही. पण त्यानंतर बटण तुटलं तरी ती माझ्याकडेच आणून द्यायची. पंचवीस वर्षं मी मुलांना हस्तकला शिकवली, आणि घरच्या मुलीची सुई माझ्यामुळे सुटली. त्याच्या वाकड्या भाकरीला मागून हात लावू नका, ताई.

सासूबाईंशी वाद घालू नका. लग्नात शंभर-दोनशे पानांचा स्वयंपाक करणारे आचारी बहुतेक पुरुषच असतात आणि यंत्रमागावरही कितीतरी पुरुषांचे हात आहेत, हे त्या तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त पाहून आहेत. शेंगा सोलायला त्यांनाही त्याच्याजवळ बसवा.

सुई द्या, छोटी सुरी तुमच्यासमोर द्या. तव्यावर भाकरी टाकणं, तिला पाणी लावणं आणि उलटणं हे मात्र तो दहा-अकरा वर्षांचा होईपर्यंत स्वतःकडेच ठेवा. मूल तव्याला जपतं, वाफेला जपत नाही.