मंगळवारचा ट्रे गुरुवारी का सोलला?

प्रश्न : ताई, वेंगुर्ले तालुक्यात आमचं छोटं काजू प्रक्रिया युनिट आहे. दिवसाला ३०० किलो बी फोडतो. १४ बायका कामाला आहेत : कटिंगला ४, सोलणीला ६, बाकीच्या वाफवणं, प्रतवारी आणि पॅकिंगला. तरी ऑर्डर वेळेवर जात नाहीत, आणि पावसाळ्यात पाकळी-तुकडा फार निघतो. मोठ्या कटिंग मशिनसाठी कर्ज काढायचं म्हणतोय. इंजिनिअर झालेला भाचा म्हणतो, मशिन नको, आधी ‘लीन’ करा. मोटारींच्या कारखान्यातलं हे नासाडी कमी करण्याचं तंत्र आमच्याकडे चालेल का? एकदा येऊन बघाल का?
– एक काजू उत्पादक

उत्तर : कर्जाचे कागद तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही बोलावलंत म्हणून श्रावणात मी येऊन गेले, ते तुम्हाला आठवत असेलच. मंगळवारी सकाळी ९ वाजता बोरमा, म्हणजे गर सुकवायची भट्टी, उघडला, तेव्हा पहिल्याच ट्रेच्या कडेवर मी खडूने वेळ लिहिली. ५ किलो गराचा ट्रे. साल कशी कुरकुरीत झाली होती! दोन बोटांत गर चोळला की फुटाण्यासारखी उडत होती. गुरुवारी दुपारी पुन्हा आले, तेव्हा ३ वाजता तो ट्रे सोलणीच्या पाटावर आला. म्हणजे ५४ तासांनी. मी शेजारी बसले. सालीला हात लावताच ती बाई म्हणाली, “मंगळवारचो माल हा, साल सुटत नाय.” मग तिने सुरी घेतली. सुरीच्या टोकाने खरवडताना दर तिसऱ्या-चौथ्या गराच्या दोन पाकळ्या होत होत्या. जो गर ३२० नंबरात गेला असता, म्हणजे एका पौंडाला सुमारे तितके भरणारा अख्खा गर, तो माझ्यासमोर पाकळीच्या डब्यात पडला.

तुमचं नुकसान तिथे आहे. कटिंगला नाही.

आता हिशोब बघा. ३०० किलो बीमागे साधारण ७५ किलो गर निघतो. तुमच्या वहीप्रमाणे एक बाई दिवसाला १० किलो सोलते, म्हणजे सहाजणींचे ६० किलो. रोज १५ किलो गर सोलल्याशिवाय राहतो. हा ढीग वाढत वाढत १६५ किलोंवर गेला होता, माझ्या ट्रेच्या पुढे ३३ ट्रे रांगेत होते. १६५ भागिले ६०, म्हणजे पावणेतीन दिवस. नवा ट्रे तितके कामाचे दिवस थांबणारच, मग कितीही ओरडा. ढीग आणि वेग यांचं हे नातं जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केलं, पण तुमच्याकडे ते खडूनेही दिसलं. कटिंग दुप्पट केलंत तर रोज १५ नाही, ९० किलो गर मागे पडेल. आणि कोकणातल्या पावसाळी हवेत गर काय करतो ते तुम्हाला मी सांगायला नको. ओलावा ओढतो, साल पुन्हा गराला चिकटते.

हे मी पोटतिडकीने लिहितेय, कारण हेच मी दुसरीकडे घडताना पाहिलंय. भोसरीतल्या गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी २२ वर्षं काढली. तिथे मोठा खर्च करून वेगवान प्रेस आणला होता. महिनाभरात वेल्डिंगसमोरची पिंपांची रांग दाराबाहेर गेली, जुलैत तिला गंज चढला, आणि तो गंज घासायला आठ माणसं वेगळी बसवावी लागली. प्रेसच्या आकड्यावर सगळे खूश होते. गाडीत माल एक नगही जास्त गेला नव्हता.

टोयोटात ही ‘लीन’ पद्धत ज्यांनी उभी केली त्या ताइइची ओनो यांच्या मते सगळ्यांत वाईट नासाडी म्हणजे पुढच्याला हवं त्याहून जास्त, हवं त्याआधी करून ठेवणं. कारण बाकीच्या सगळ्या चुका त्या ढिगाखाली झाकल्या जातात. १९५६ मध्ये ते अमेरिकेला गेले होते, आणि तिथल्या मोटार कारखान्यांइतकंच तिथल्या सुपरमार्केटने त्यांना शिकवलं : गिऱ्हाइकाने फळीवरून उचललं तेवढंच मागून भरायचं. ‘लीन’ हे नाव फार नंतरचं, जॉन क्रॅफसिक या अमेरिकी अभ्यासकाने १९८८ मध्ये दिलेलं.

तुमच्याकडची फळी म्हणजे ट्रे. १५ ट्रेना हिरवा रंग द्या. बोरमा ते सोलणी या वाटेवर गर फक्त हिरव्या ट्रेतच राहील. हिरवा ट्रे रिकामा होऊन परत आला नाही, तर बोरम्यात नवा गर भरायचा नाही आणि कटिंगही पुढे रेटायचं नाही. १५ ट्रे म्हणजे ७५ किलो, सव्वा दिवसाचं काम. पहिल्या आठवड्यात आधीचा ढीग संपवा, तोवर कटिंग बंद ठेवून चौघींनाही सोलणीला बसवा. हे करताना छाती धडधडेल, मशिन थांबलेलं बघवणार नाही. तरी थांबवा.

नंतर एकच बदल ठेवा : कटिंगची एक बाई रोज जेवणानंतर सोलणीवर. साडेतीनजणींचं कटिंग साधारण ६५ किलो गर देतं, साडेसहाजणींची सोलणीही ६५ किलो. ६०चे ६५ झाले, एक रुपया कर्ज न काढता. आणि गर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सोलला गेला की अख्खा निघण्याचं प्रमाण वाढेल, त्याचा पैसा या ५ किलोंपेक्षा मोठा आहे. वाफवलेली बी रात्रभर निवत ठेवता, त्या थांबण्याला मात्र हात लावू नका. ते काम आहे, खोळंबा नाही.

एक गोष्ट मी त्या दिवशी तुमच्याशी बोलले नाही, कारण बायका समोर होत्या. तुम्ही कटिंग आणि सोलणी दोन्हींना किलोवर मजुरी देता. पाकळी का पडते हे मागे मागे विचारत गेलं तर : सुरी लागते म्हणून. सुरी का लागते? साल चिकटते म्हणून. का चिकटते? गर दोन दिवस पडून ओलावतो म्हणून. का पडून राहतो? सोलणीला झेपेल त्याहून जास्त फोडला जातो म्हणून. आणि जास्त का फोडला जातो? फोडणारीचं पोट किलोवर आहे म्हणून. त्यात तिची काय चूक? आणि ओलावलेला गर ज्या बाईच्या वाट्याला येतो, तिची दिवसाची कमाई त्या सुरीपायी घटते. ५ किलोंचा तो ट्रे, जो कोरडा असता तर ४ तासांत झाला असता, तिला पावणेसहा तास पुरला. म्हणून चौदाजणींना आधी ठरलेली रोजची मजुरी द्या, आणि त्यावर महिन्याच्या अख्ख्या गरामागे सगळ्यांना सारखा वाटा. हे केलं नाहीत तर हिरवे ट्रे पंधरा दिवसांत अडगळीत जातील.

आणि साल सुटत नसेल तर ट्रे परत बोरम्याकडे पाठवायचा हक्क सोलणाऱ्या बाईला द्या, तुम्हाला न विचारता. टोयोटा घराण्यातल्या साकिची टोयोदांचा १९२४चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, म्हणून खराब कापड पुढे जात नसे. तुमच्याकडे धागा तुटल्याचं पहिलं कळतं ते तिच्या बोटांना.

प्रश्न : साठा नको म्हणता, मग मे महिन्यात वर्षभराची काजू बी भरून ठेवतो ती चूक का? – वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. झाड मार्च ते मे देतं, आणि बाजार बारा महिने मागतो. हा साठा निसर्गाने लादलेला आहे, तो ठेवायलाच हवा. खुद्द टोयोटानेही २०११च्या भूकंपानंतर पुरवठादारांना चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. फक्त बी दोन-तीन उन्हं नीट देऊन भरा, पोती जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर दूर. प्रत्येक पोत्यावर गाव आणि तारीख लिहा. आधी आलेलं पोतं आधी निघेल अशी दोन्ही बाजूंनी वाट ठेवा. बहुतेक गोदामांत मे अखेरची पोती दाराशी असतात म्हणून तीच आधी फुटतात, आणि मार्चची बी आत कोपऱ्यात राहते.

प्रश्न : देवगडला आमची आंब्याची पॅकिंग शेड आहे. हंगामात मुलं दिवसभर धावतात, तरी गाडी उशिरा सुटते. – एक बागायतदार

उत्तर : एक सकाळ शेडच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा. कागदावर शेडचा नकाशा काढा आणि एकाच मुलाच्या फेऱ्या त्यावर पेन्सिलीने ओढत जा, तासभर. पेंढा कुठे, रिकाम्या पेट्या कुठे, वजनकाटा कुठे, ते त्या रेघांच्या गुंत्यात दिसेल. माझ्या माहितीतल्या एका शेडमध्ये पेंढा मागच्या पडवीत आणि पेट्या पुढच्या दारी होत्या. पेंढा पेट्यांच्या शेजारी आणला आणि गाडी पाऊण तास आधी सुटू लागली.