हवा ‘मानवते’ की शरीराचं ‘अनुकूलन’ होतं?

प्रश्न थोडक्यात असा. एका ताईंच्या मुलीने लेहच्या सहलीवर शाळेसाठी निबंध लिहिला. आजीच्या सांगण्यावरून तिने लिहिलं, ‘दोन दिवसांत आम्हांला तिथली हवा मानवली.’ शाळेत ते खोडून ‘आमचे हवेशी अनुकूलन झाले’ अशी दुरुस्ती झाली. ताई विचारतात, बरोबर कोण? आणि ‘मानवणे’ हा शब्द ‘मानव’वरून आला आहे का?

आजी बरोबर. मराठी म्हणून तर बरोबरच, पण शास्त्र म्हणूनही तिचाच शब्द जास्त नेमका आहे.

आधी व्युत्पत्ती उरकून घेऊ. ‘मानवणे’ हा ‘मानणे’च्या कुळातला शब्द. मान्य होणे, पसंत पडणे, पचनी पडणे असा त्याचा अर्थ वाढत गेला. ‘मानव’ म्हणजे मनूचा वंशज. त्याचा इथे संबंध नाही. आता मनूचं नावही परंपरेने ‘मन्’ धातूपासूनच सांगतात, त्यामुळे फार खोल खणलं तर दोघं एका विहिरीवर भेटतात. पण तेवढ्यावरून त्यांना भाऊ म्हणू नये.

या शब्दाची खरी गंमत व्याकरणात आहे. ‘मला इथली हवा मानवली’ या वाक्यात कर्ता कोण? हवा. मी बिचारा ‘मला’ होऊन बाजूला बसलेला. ‘मला भूक लागली’, ‘मला झोप आली’, ‘मला थंडी वाजते’ या वाक्यांच्या पंगतीतलं हे वाक्य आहे. जे शरीर आपल्याला न विचारता करतं, तिथे मराठी ‘मी’ला कर्तेपण देत नाही. उलट ‘मी पहाटे उठायला सरावलो’ म्हटलं की कर्ता मी, कारण त्यात गजर लावण्याचे कष्ट माझे. ‘अंगवळणी पडणे’ या दोघांच्या मधलं: सुरुवात माझी, पुढचं काम अंगाचं. आणि ‘मानवणे’ आपण होकारापेक्षा नकारातच जास्त वापरतो, हेही पाहा. ‘तिकडचं पाणी मानवलं नाही’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मानवलं तर कोणी सांगायला येत नाही.

आता लेह. मी स्वतः तिथे पहिल्या दिवशी उतारूगृहाच्या चौदा पायऱ्या चढून दारात टेकलो होतो. घराची मालकीण, सगळे तिला अमाले म्हणत, साठीच्या पुढची, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन माझ्या शेजारून वर गेली आणि जाता जाता म्हणाली, आज नुसतं झोपून राहा. रात्री दोनदा श्वास अडकल्यासारखा होऊन दचकून उठलो, आणि लघवीला किती वेळा गेलो ते मोजलं नाही.

हे सगळं म्हणजेच ‘मानवण्या’चं काम चालू असणं. लेह साधारण ३,५०० मीटरवर. हवेत प्राणवायू तिथेही २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणून प्रत्येक श्वासात पदरात पडणारा प्राणवायू कमी. मानेतल्या मोठ्या धमन्यांपाशी रक्तातल्या प्राणवायूवर पाळत ठेवणारी इवलीशी ठाणी असतात, ती मेंदूला कळवतात आणि श्वास वाढतो. पण भराभर श्वास टाकला की कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. झोपेत ही ओढाताण उघडी पडते: थोडे खोल श्वास, मग काही सेकंद शांतता, मग दचका. सुटका करतात मूत्रपिंडं. ती रक्तातलं जादा बायकार्बोनेट, म्हणजे अल्कधर्मी क्षार, लघवीवाटे टाकून देतात आणि दोन-चार दिवसांत लगाम सैल होतो. शिवाय मूत्रपिंडातूनच एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला लावतं; पण ती वाढ नीट दिसायला आठवडे जातात. म्हणजे मुलीच्या वाक्यातले ‘दोन दिवस’ थोडे उत्साहाचे. ‘मानवू लागली’ म्हटलं असतं तर चोख झालं असतं. खाली परतल्यावर काही आठवड्यांत हा सगळा जमाखर्च मोडीत निघतो.

अमालेचं तसं नाही. तिबेटी पठारावरच्या माणसांत ईपीएएस-१ या जनुकाचा एक खास प्रकार फार मोठ्या प्रमाणात आढळतो, हे २०१० मध्ये पुढे आलं. तो डेनिसोव्हन या लुप्त झालेल्या मानवकुळाकडून आलेला असावा, असं २०१४ च्या संशोधनाने दाखवलं. त्याचा परिणाम उलटा वाटेल असा आहे: उंचावर राहूनही या लोकांचं हिमोग्लोबिन फारसं चढत नाही, रक्त दाट होत नाही. दाट रक्ताचा त्रास काय असतो ते अँडीज पर्वतात दिसतं. तिथल्या उंचावरच्या लोकांचं हिमोग्लोबिन बरंच चढतं आणि काहींना त्यातून दीर्घकाळचा आजार जडतो. पेरूच्या कार्लोस मोंगे या डॉक्टरांच्या नावाने तो ओळखला जातो.

‘अनुकूलन’ हा शब्द या दुसऱ्या गोष्टीसाठी राखून ठेवावा: पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून जातीच्या घडणीतच उतरलेली. जुन्या शास्त्रीय लेखनात यासाठी ‘अनुयोजन’ही सापडतं. भिगवणला हिवाळ्यात जे पट्टकादंब पक्षी येतात, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे, त्यांना विरळ हवा ‘मानवलेली’ नसते. त्यांचं हिमोग्लोबिनच प्राणवायूला जास्त घट्ट धरणारं आहे, म्हणून ते हिमालय ओलांडू शकतात. इंग्रजीत मानवण्याला ॲक्लमटायझेशन आणि पिढ्यांतून उतरलेल्या घडणीला ॲडाप्टेशन असे दोन वेगळे शब्द आहेत. आपण दोन्हींवर ‘अनुकूलन’ची एकच चादर ओढली आणि पोरांचा गोंधळ करून ठेवला.

खरं तर हा फरक मराठीला परका नाही. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ इथे वाण म्हणजे वर्ण, बैलाचा जन्मजात रंग. तो शेजाराने बदलत नाही. गुण लागतो. म्हण संगतीबद्दल आहे हे मान्य, पण वाण आणि गुण ही जोडी जीवशास्त्राच्या तासाला आणावी इतकी सोयीची आहे. त्यात ‘वाण’ शेतकरी बियाण्याच्या जातीलाही म्हणतो, म्हणजे शब्द आधीच योग्य ठिकाणी बसलेला आहे. आणि कमावलेला गुण वाणात उतरत नाही, हे समजवायला पाळण्यातलं बाळ पुरतं. आपण किती पिढ्या कान टोचत आलो, तरी दर बाळाच्या वेळी सोनाराला बोलवावंच लागतं.

शरीराने परिस्थितीला दिलेल्या उत्तरांसाठी आपल्याकडे सुटे सुटे शब्द किती आहेत, हे अशा वेळी जाणवतं. उन्हावाऱ्यात चेहरा ‘रापतो’. नुसता काळा पडत नाही, कातडीचा पोतच बदलतो. खुरपं धरून तळव्याला ‘घट्टे’ पडतात: त्याच जागी पुन्हा पुन्हा घासलं, दाबलं गेलं की वरची मेलेल्या पेशींची कातडी जाड होत जाते. तोच प्रकार पायाला टोचू लागला की ‘कुरूप’. जुन्या भेंडीसारखा हात ‘निबर’ होतो. यातल्या कुठल्याही शब्दाच्या जागी ‘अनुकूलन’ घालून वाक्य म्हणून बघा.

उन्हाचं मात्र मला ‘मानवणे’ पटत नाही. शास्त्र सांगतं की रोज उन्हात काम केलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त सुटू लागतो, त्यात मीठ कमी जातं, नाडीची धावपळ उतरते. म्हणजे ऊनही मानवतंच. पण बोलताना आपण ‘ऊन सोसतं’, ‘सोसवत नाही’, नाहीतर सरळ ‘ऊन बाधलं’ म्हणतो. मानवण्यात थोडी मैत्री आहे, आणि मे महिन्यातल्या चंद्रपूरच्या उन्हाशी कोण मैत्री करणार?

अडचण एकच: ‘मानवणे’चं नाम होत नाही. ‘मानवण’, ‘मानवणूक’ कानाला चालत नाही. परिभाषेला नाम लागतं, म्हणून पुस्तकं संस्कृताकडे धावतात. धावायचंच असेल तर वैद्यांकडे एक शब्द तयार आहे: ‘सात्म्य’. चरकसंहितेत शरीराला जे मानवतं ते सात्म्य. आणि सतत सेवनाने, सवयीने जे मानवू लागतं ते ‘ओकसात्म्य’. ‘मला दूध सात्म्य नाही’ असं बोलणारी माणसं अजून आहेत. माझं मत विचाराल तर ‘हवासात्म्य’ चालवून बघायला हरकत नाही, पण आठवीच्या पोरीच्या निबंधात नको. तिथे क्रियापदच छान.

झाडांनाही हे क्रियापद चालतं: ‘हापूसला इकडची माती मानवली नाही.’ पण संत्र्याची बाग ‘ताणावर सोडतात’, पाणी तोडून बहार धरायला लावतात, तिथे नाही. तो मानवण्याचा मामला नसून जबरदस्तीचा आहे.

तेव्हा ताई, वाक्य असं ठेवा: ‘दोन दिवसांत आम्हांला लेहची हवा मानवू लागली.’ निघताना मी अमालेला विचारलं होतं, तुम्ही कधी खाली येता का? म्हणाली, एकदा जूनमध्ये मुलाकडे दिल्लीला गेले होते, चौथ्या दिवशी परत आले. मानवली नाही.