पहिल्या भेटीत गुन्ह्याचा विषय नको

गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना सावरायला तुम्ही जाता, तेव्हा पोरगा खुर्चीच्या कडेवर बसेल, नजर दाराकडे. चोरी-मारामारीचं काही विचारू नका. जेवलास का, रात्री कुठे झोपलास, शाळा कधीपासून सुटली, एवढंच. शाळेतली गैरहजेरी बऱ्याचदा वाट चुकल्याची पहिली खूण असते.

धाक बसावा म्हणून तुरुंग दाखवून आणू, असं कुणीतरी सुचवेलच. ठाम नाही म्हणा. अमेरिकेत १९७०च्या दशकात गाजलेल्या अशा भेटींची नीट तपासणी झाली, तेव्हा नेलेली मुलंच पुढे जास्त गुन्हे करताना आढळली. वाट चुकलेल्या दहा जणांचं एकत्र शिबिरही अंगाशी येतं, एकमेकांचं बघून शिकतात. (मी घेतलंय असं शिबिर. अजून सलतं.)

आणि ठरल्या वेळी पोचा. एक मुलगा तीन आठवडे बोललाच नाही. चौथ्यांदा मी भर पावसात गेलो, तर त्यानं स्टूल पुसून पुढे सरकवलं.