काचेचं गोल भांडं नको

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाला मासे पाळायचे आहेत. घरात आजवर कुणी पाळलेले नाहीत. सुरुवात छोटी असावी म्हणून ५ लिटरचं गोल काचेचं भांडं आणि दोन गोल्डफिश घ्यायचा विचार आहे. फिल्टर लागेल का?

उत्तर : फिल्टरचं पुढे बघू. आधी त्या भांड्याचा बेत रद्द करा, ही कळकळीची विनंती. शाळेत असताना मी अगदी असंच भांडं आणलं होतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही मासे पाण्याच्या वर तोंड काढून उघडमीट करायला लागले. मला वाटलं भूक लागली, म्हणून आणखी खाणं टाकलं. सकाळी दोन्ही आडवे. त्यांना प्राणवायू कमी पडत होता आणि मी पाणी आणखी नासवलं होतं. ती सकाळ मी विसरलेलो नाही.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो, तो कल्ल्यांना जाळतो. ५ लिटरात तो बघता बघता साठतो, ६० लिटरात विरळ राहतो, तापमानही चटकन बदलत नाही. म्हणून नवख्या माणसाला मोठी टाकीच सोपी. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, ३५ उंच अशी घ्या. तिच्यात साधारण ६० लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन ६० किलो. स्टँड भक्कम हवा आणि जागा आधीच पक्की करा, कारण भरलेली टाकी हलवता येत नाही. खिडकीतलं ऊन लागलं तर शेवाळ धरतं.

फिल्टर हवाच. त्याच्या स्पंजात जिवाणू वाढतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते पाणी बदलताना निघून जातं. ही जिवाणूंची फौज उभी राहायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा नको. फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाका आणि टेस्ट किटने पाणी तपासा. हे काम मुलाकडे द्या. नळीत थेंब टाकले की अमोनिया असलेलं पाणी हिरवं होतं, नसलं तर पिवळं राहतं. त्याला वही करून तारखेसमोर रंग लिहू दे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासे आणा.

मासे कोणते? गोल्डफिश या टाकीतही नको. साधा गोल्डफिश वीतभर सहज वाढतो आणि १० वर्षांहून जास्त जगू शकतो. ‘भांड्याएवढाच वाढतो’ म्हणतात ते खरं नाही, वाढ खुंटते आणि मासा आजारी पडतो. मी सहा झेब्रा डॅनिओंपासून सुरुवात करायला सांगेन. काटक असतात, दिवसभर एकमेकांच्या मागे पळत असतात, मूल टाकीसमोरून हलणार नाही. गप्पी हवे असतील तर फक्त नर घ्या. मादी दर महिन्याला पिल्लं देते, आणि दुकानातूनच गाभण आलेली असते. निऑन टेट्रा जुन्या टाकीत बरे, सहा महिन्यांनी बघा. काच साफ करतो म्हणून दुकानदार सकर नावाचा मासा गळ्यात मारतील, घेऊ नका. तो फुटाहून मोठा होतो.

प्रश्न : टाकी लावून आठवडा झाला. पाणी दुधाळ झालं म्हणून फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला. दुसऱ्या दिवशी दोन गप्पी मेले. आता सगळं पाणी बदलू का?

उत्तर : सगळं नको. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजात नुकते रुजलेले जिवाणू मरतात. आजच पाव टाकी पाणी काढा आणि क्लोरीन घालवणारं औषध टाकलेलं, टाकीतल्या पाण्याइतक्याच कोमट पाण्याने भरा. अमोनिया शून्यावर येईपर्यंत रोज असंच करा. दोन दिवस खाणं बंद ठेवा, मासे उपाशी मरणार नाहीत. दुधाळपणा आपोआप जातो. यापुढे स्पंज धुवायचा झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबायचा, बस. मेलेल्यांच्या जागी नवे गप्पी महिनाभर आणू नका.