व्हिक्टोरियन रोमान्समधल्या बंडखोर नायिका त्या काळात खरंच शक्य होत्या का?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडवर आज लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांतल्या, मताधिकार मागणाऱ्या, ड्यूकला म्हणजे बड्या सरदाराला तोंडावर सुनावणाऱ्या नायिका म्हणजे आजच्याच मुली जुन्या झग्यात उभ्या केल्यात का, असं तुम्ही विचारलंय. नाही, तशा बायका होत्या. बायकांना मत द्या असा अर्ज विचारवंत आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिलने १८६६ साली संसदेत मांडला. त्यावर सुमारे दीड हजार बायकांच्या सह्या होत्या आणि त्या जमवल्याही बायकांनीच. तेव्हा हक्कांची भाषा करते म्हणून नायिका खोटी ठरत नाही. मला खटकतं ते हे, की बऱ्याच कादंबऱ्यांत तिला बंड फुकटात पडतं. कंबर आवळणारा कॉर्सेट भिरकावला, झालं!

मी अशी कादंबरी हातात घेतली की आधी साल बघते. इंग्लंडमध्ये तेव्हा बाईला सगळ्यात महाग पडणारी गोष्ट म्हणजे लग्न. बोहल्यावर चढली की तिची रोकड, दागिने, सामानसुमान नवऱ्याचं. तिला स्वतःच्या नावाने कोर्टात दावाही लावता येत नसे. १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिच्याकडे राहू लागली, पण बाकीच्या मिळकतीसाठी १ जानेवारी १८८३ उजाडावा लागला. म्हणजे १८७५ सालची नायिका स्वतःचा छापखाना चालवत असेल आणि शेवटच्या पानावर आनंदाने ‘हो’ म्हणत असेल, तर यंत्रं आणि छपाईचे खिळे आता कुणाचे? लेखिकेला हा प्रश्नच पडला नसेल तर मी पुस्तक मिटते. श्रीमंत घरं लग्नाआधीच विश्वस्त नेमून मुलीचा पैसा बाजूला काढत, त्यामुळे अर्लसारख्या सरदाराच्या लेकीला तेवढी धास्ती नव्हती. खरी गोची शिक्षिकेची, दुकानवालीची.

एव्ही डनमोरची ‘ब्रिंगिंग डाउन द ड्यूक’ (२०१९) मला म्हणूनच आवडली. काळ १८७९ चा. ऑक्सफर्डमध्ये मुलींसाठी लेडी मार्गरेट हॉल त्याच वर्षी सुरू झालं. नायिका ॲनाबेल पाद्र्याची मुलगी, खिसा रिकामा. मताधिकारवाल्या बायका तिच्या शिक्षणाचा खर्च उचलतात आणि बदल्यात तिने बड्या पुरुषांना चळवळीकडे वळवायचं. इथे बंडाला किंमत आहे. शेवटी ड्यूक सुधारतो, पण तो या प्रकारच्या कादंबरीचा नियमच आहे, त्याला इलाज नाही.

खऱ्या बायका कादंबरीलाही झेपणार नाहीत अशा होत्या. जॉर्जिना वेल्डनचंच बघा. नवऱ्यापासून वेगळी राहायची. १८७८ मध्ये त्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकायचा घाट घातला. डॉक्टर खोटी नावं सांगून घरी आले, गप्पा मारल्या आणि सर्टिफिकेट देऊन मोकळे झाले. न्यायला माणसं आली तेव्हा ही निसटली आणि इस्पितळात टाकण्याच्या हुकमाची मुदत संपेपर्यंत लपून राहिली. पण डॉक्टरांवर दावा लावणार कशी? लग्न झालेली बाई! १८८३ मध्ये मिळकतीचा तो नवा कायदा लागू झाल्यावर मात्र तिने एकामागून एक दावे ठोकले आणि कोर्टात स्वतःच उभी राहिली. वर नवऱ्याने नांदायला यावं म्हणून त्याच्यावरही हुकूम मिळवला. हुकूम मोडला तर तुरुंग होता. १८८४ मध्ये संसदेने ती शिक्षाच रद्द केली. लोक गमतीने त्याला ‘वेल्डन रिलीफ ॲक्ट’ म्हणत.

मुंबईत मात्र तोच तुरुंग शाबूत राहिला. नांदायला पाठवण्याचे हे दावे इंग्रजी कायद्यातूनच आपल्याकडे आले होते. १८८७ मध्ये हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने आत. लहानपणी लावून दिलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं आणि त्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी नवऱ्याने, दादाजीने, दोन हजार रुपये घेऊन प्रकरण मिटवलं. रखमाबाई मग लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या.

रखमाबाईंच्या गोष्टीत व्हिक्टोरियन काळ, कोर्ट, त्यांनी वर्तमानपत्रात टोपणनावाने लिहिलेली पत्रं, बोटीचा प्रवास, सगळा मसाला तयार आहे. रोमान्स लिहिणाऱ्याची पंचाईत एकच: नायक कुठून आणायचा? रखमाबाईंनी पुन्हा लग्नच केलं नाही.