यीस्ट साखरपाण्यात टाकलं की पाणी आंबट होतं, ते फक्त कार्बन डायऑक्साइडमुळे का?

नाही, फक्त त्यामुळे नाही. तुम्ही लिहिलंय की साखरपाण्यात यीस्ट घातल्यावर काही मिनिटांतच पीएच पट्टीचा, म्हणजे आंबटपणा दाखवणाऱ्या पट्टीचा, रंग बदलला. कार्बन डायऑक्साइड विरघळून थोडं आम्ल होतं हे खरं, आणि यीस्ट सक्सिनिकसारखी आम्लंही बाहेर सोडतं. पण त्याच वेळी यीस्टची पेशी आपल्या आतले प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, सरळ बाहेर ढकलत असते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हे काम पेशीपटलातलं पीएमए1 नावाचं प्रथिन करतं. 918 अमिनो आम्लांची ही साखळी पटलातून दहा वेळा आरपार जाते. एक एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्च केला की एक प्रोटॉन बाहेर, असा हा पंप. पेशीपटलात हे प्रथिन सर्वांत जास्त प्रमाणात सापडतं, आणि त्याचं जनुक काढून टाकलं तर यीस्ट जगतच नाही. साखर नसताना प्रथिनाचं शेपटाकडचं टोक पंपाला आवरून धरतं. ग्लुकोज मिळालं की त्या टोकावर फॉस्फेट बसतं आणि काही मिनिटांत पंप जोरात चालू लागतो. तुमच्या पट्टीचा रंग इतक्या लवकर बदलला त्यामागे हे आहे.

पण बाहेरचं पाणी आंबट करणं हा काही पंपाचा मुख्य उद्देश नव्हे. प्रोटॉन बाहेर गेले की पटलाच्या आतली बाजू ऋणभारित होते. क्लिफर्ड स्लेमन या शास्त्रज्ञांनी 1960च्या दशकात न्यूरोस्पोरा या बुरशीच्या तंतूत बारीक इलेक्ट्रोड खुपसून हा विद्युतदाब मोजला, तो सुमारे 200 मिलिव्होल्ट भरला. आकडा लहान वाटतो, पण पटलाची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर! बाहेर काढलेले प्रोटॉन या दाबामुळे आत यायला बघतात, आणि येताना अमिनो आम्लं, फॉस्फेट यांना बरोबर घेऊन येतात. आपल्या पेशी असंच काम सोडियमच्या जोरावर करतात. बुरशी आणि वनस्पती यांनी मात्र प्रोटॉनचा मार्ग धरला.

याचा हिशोब मला पावाच्या कणकेत सगळ्यात छान दिसतो. पाव बनवणारं यीस्ट ग्लुकोज आत घेताना काहीच खर्च करत नाही, ते जास्तीकडून कमीकडे आपोआप येतं. मैद्यातल्या स्टार्चपासून मात्र माल्टोज नावाची साखर तयार होते, आणि माल्टोजचा प्रत्येक रेणू एक प्रोटॉन घेऊनच आत शिरतो. तो प्रोटॉन पुन्हा बाहेर काढायला एक एटीपी जातो. ऑक्सिजन नसताना माल्टोजच्या एका रेणूतून चारच एटीपी मिळतात, म्हणजे चौथा हिस्सा नुसत्या वाहतुकीवर गेला.

सरबतं आणि सॉस टिकवायला घातलेलं सोडियम बेंझोएटही याच पंपाला दमवतं. आंबट द्रवात बेंझोइक आम्लाचा रेणू भाररहित असतो, तो पटलातून सहज आत सरकतो. आत पीएच 7च्या आसपास असल्यामुळे तिथे तो फुटतो आणि प्रोटॉन सोडतो. पंप तो बाहेर काढतो, तोवर पुढचे रेणू आत आलेले असतात. सगळी ऊर्जा त्यातच जाते आणि वाढ खुंटते. म्हणूनच बेंझोएट आंबट पदार्थांतच चांगलं लागू पडतं, दुधासारख्या फारशा आंबट नसलेल्या पदार्थात त्याचा उपयोग फार कमी.

तुम्हाला घरी पडताळून पाहायचं असेल तर यीस्ट तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी वेगळं काढून उकळा, गार करून पुन्हा पट्टी बुडवा. कार्बन डायऑक्साइड उकळताना निघून जातो, तरीही पाणी बऱ्यापैकी आंबट राहिलं तर ते आम्ल वायूचं नव्हे. दुसऱ्या पेल्यात सुरुवातीलाच चिमूटभर पोटॅशियम क्लोराइड घाला. प्रोटॉन बाहेर जाताना त्याच्या बदल्यात धनभार आत यावा लागतो, आणि पोटॅशियम ती जागा भरतं, त्यामुळे या पेल्याचा पीएच जास्त उतरायला हवा, म्हणजे पाणी जास्त आंबट व्हायला हवं. दोन्ही पेल्यांसाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या, कारण नळाच्या पाण्यातले क्षार आम्ल शोषून घेतात आणि फरक नीट दिसत नाही.